तिरप्या चकतीचं इंजिन

आपलं म्हणणं कुणी खरंच मानत नाही, ही गोदूबाईची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. एका गावात इंजिनं दुरुस्त करून पोट भरणारी ही बाई. तिनं स्वतःच्या हातानं एक इंजिन घडवलं. त्यात क्रँकच, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यानं फिरणारा वाकडा दांडाच, नव्हता. समोरासमोरचे दोन पिस्टन मधल्या तिरप्या चकतीला रेटत आणि चकती गरगर फिरे.

गावच्या पिठाच्या गिरणीत क्रँकचं जुनं इंजिन होतं. ते असं हादरे की भिंतीला तडे गेले होते.

"माझं बसवा, भिंत वाचेल," गोदूबाई म्हणाली.

भानुदास मिस्त्री खो खो हसला. तीस वर्षं तोच जुनं इंजिन चालवत होता. "क्रँकशिवाय इंजिन? बाई, हा तर कमरेशिवाय नाच!"

"नाचून दाखवते. नाही जमलं तर भंगारात घाला."

गिरणीवाल्या हणमंतशेटनं तिचा शब्द धरला. दुपारपर्यंत चाललं तर गिरणीत, नाहीतर भंगारात. चालवणार मात्र मिस्त्रीच.

गोदूबाईनं त्याला बजावलं, "जुन्याचा क्रँक बुडातलं तेल वर उडवतो. माझ्यात क्रँक नाही. वरच्या वाटीतून तेल पाजत राहा."

"तेल कुठं घालायचं ते मला शिकवू नका!"

इंजिन सुरू झालं. वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. जमलेले लोक वाकून पेल्याकडे बघू लागले. पण घटकाभरानं करकर आवाज आला आणि इंजिन अडकलं.

"न्या भंगारात!" मिस्त्री ओरडला. दोन गडी पुढे सरसावले.

गोदूबाई आडवी उभी राहिली. "हात लावून तर बघा! आधी उघडणार, मग न्या."

तिनं सगळ्यांदेखत झाकण काढलं. बुडाला तेल काठोकाठ. चकती कोरडी ठाक. वरच्या वाटीत थेंब नाही.

"तीस वर्षं खालीच ओततोय," मिस्त्री पुटपुटला.

"आणि तिथून वर उडवणार कोण? तुझा आजा?"

तिनं चकती घासून साफ केली, वाटी भरली, इंजिन पुन्हा सुरू केलं. दुपार झाली तरी ते चालूच होतं.

"म्हणजे जुनं टाकाऊच म्हणायचं?" शेटनं विचारलं.

"कोण म्हणतं? ते आपलं आपण तेल पितं, माझ्याला पाजावं लागतं. पण माझं कुणाची भिंत पाडत नाही."

तात्पर्य: नवी वस्तू जुन्या सवयीनं चालवून तिला नापास करू नये. ती बंद पडली, तर आधी चालवणारा हात तपासावा. त्या दिवशी तो हात होता भानुदास मिस्त्रीचा.