माळावरचं हालचाल भवन

एक होतं जंगल. तिथे लोकशाही होती. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची आणि दर वेळी सिंहच निवडून यायचा, म्हणून त्याला महाराज म्हणायची पद्धत पडली होती.

तर या जंगलातले प्राणी जाडे व्हायला लागले. हरणांना धाप लागू लागली. ससे चढ बघूनच बसकण मारायचे. महाराजांना याचं दुःख नव्हतं. जाडं हरीण लांब पळत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण शेजारच्या जंगलाचा राजदूत "प्रजा अगदी खात्यापित्या घरची दिसते हो!" असं हसत हसत बोलून गेला आणि ते मात्र महाराजांना झोंबलं. अभ्यास करायला त्यांनी डॉक्टर काटेकरबाईंना बोलावलं.

काटेकरबाई म्हणजे सायाळ. हुशार आणि सरळ. समोरचा खोटं बोलला की त्यांच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहायचे, त्यामुळे मंत्रालयात त्यांचं कधी जमलं नाही. बाई जंगलभर हिंडल्या आणि बघतात तो काय, जिकडेतिकडे कुंपण! नदीची वाट महाराजांचे मेहुणे तरसराव यांच्या रिसॉर्टमध्ये गेलेली, टेकडीही त्यांच्याच घशात. प्राणी बिचारे आळशी नव्हते, त्यांना पाय टाकायलाच जागा नव्हती. उरला होता एक पूर्वेचा माळ. संध्याकाळी सगळी पिल्लं तिथे उधळायची, त्यांत बाईंचीही दोन होती. तेवढा माळ तरी वाचावा म्हणून बाईंचा जीव तुटत होता.

त्यांनी अहवालात स्वच्छ लिहिलं: 'पूर्वेचा माळ मोकळा ठेवा.' अहो, तिथेच थांबायचं ना! पण विद्वानांना एक खोड असते. शेवटी 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. बाईंच्या गुरूंनी ते लिहिलं होतं, गुरूंच्या गुरूंनीही लिहिलं होतं. बाईंनीही लिहिलं.

आरोग्यमंत्री होते अजगर. महिन्यातून एकदा गिळायचं आणि उरलेला महिना पचवायचं, असा त्यांचा कारभार. अहवाल त्यांनी शेपटीकडून गिळायला घेतला.

"महाराज, बाई म्हणतात अधिक संशोधन हवं."

"मग होऊ द्या की! आम्ही विद्वानांना कधी नाही म्हटलंय?"

"भवन लागेल. आणि भवनाला मोकळी जागा."

सगळे नकाशावर वाकले. मोकळी जागा एकच होती. तरसराव तर टेप घेऊनच आले होते.

बाईंचे काटे ताठ उभे राहिले. "महाराज, तो माळ वाचवायलाच मी अहवाल लिहिला! तिथे पिल्लं पळतात हो!"

"मग पिल्लांचा अभ्यास तिथेच नको का व्हायला?"

"पण भवन झाल्यावर ती पळतील कुठे?"

"घ्या!" अजगर खूश झाले. "पहिला विषयसुद्धा मिळाला!"

दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

माळावर 'हालचाल भवन' उभं राहिलं. उद्घाटनाला महाराज हत्तीवर बसून आले. "हलेल जंगल, तर फुलेल जंगल!" अशा घोषणा झाल्या. महाराज गरजले, "माझ्या बंधूंनो, भगिनींनो, उठा, चाला! जागा नाही, ही रड जुन्या राजवटीची. ज्याला जागा नाही, त्याने जागच्या जागी चालावं!" लगेच फतवा निघाला. रोज सकाळी प्राणी कुंपणाला नाक लावून जागच्या जागी पाय आपटू लागले. चुकून कुणी पुढे सरकलंच, तर अतिक्रमणाचा दंड.

बाईंना भवनाचं संचालक केलं. "मला खुर्ची नको, माझा माळ द्या," असं म्हणून बाई भर सभेत रडल्या. दुसऱ्या दिवशी बातमी आली, संचालकांना आनंदाश्रू आवरेनात.

तेवढ्यात विरोधी पक्षनेते बिबटे मोर्चा घेऊन भवनावर आले. धूळ, झेंडे, डरकाळ्या! बाईंना वाटलं, चला, आपलं म्हणणं मांडणारं कुणीतरी आहे. त्या धावत बाहेर आल्या.

"हा घोर अन्याय आहे!" बिबटे कडाडले. "हा माळ आमच्या आजोबांच्या पायांखालचा! भवनाला त्यांचं नाव मिळालंच पाहिजे!"

पुढची निवडणूक याच मुद्द्यावर गाजली. कोणत्या आजोबांचं नाव द्यायचं यावर घराघरांत भांडणं झाली, मतदान विक्रमी झालं. आम्ही पळायचं कुठे, असं विचारणारी पिल्लं होती, पण त्यांना मत नव्हतं.