मडक्यातली शिंपली

खाडीकाठच्या एका गावात, फार जुन्या काळी, एक म्हातारा पाळक राहत होता. गावच्या लहानशा चर्चमध्ये तो दर रविवारी उपदेश करी. ग्रंथ वाचून वाचून त्याची पाठ वाकली होती. "देवाच्या इच्छेवाचून माणसाचं बोटसुद्धा हलत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य.

गावाची शेती खाडीच्या बांधाआड होती. मोठ्या उधाणाच्या दिवशी बांधाच्या लाकडी दारापाशी कोणाला तरी उभं राहावं लागे. दार सुटलं तर खारं पाणी शेतात शिरून भात जळून जाई. हे काम जिवावरचं, म्हणून माणूस देवाने निवडायचा, अशी रीत होती. प्रत्येक घराची खूण कोरलेली शिंपली मडक्यात टाकत. पाळक प्रार्थना करी, डोळे मिटून एक शिंपली काढी. ज्याचं घर निघेल, त्या घरातला कर्ता पुरुष जाई.

त्या वर्षीही पाळकाने मडक्यात हात घातला. बोटांना एक शिंपली लागली. तिची कड तुटलेली होती. ती त्याच्याच घराची होती.

घरात कर्ता पुरुष म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा.

पाळकाने ती हलकेच सोडली आणि शेजारची उचलली.

"होडीवाला!" लोक ओरडले.

"चला, देवाला माझीच आठवण आली!" होडीवाला हसत म्हणाला आणि बांधाकडे निघाला.

भरदुपारी उधाण आलं. दाराची फळी निखळू लागली. होडीवाल्याने खांदा लावला, फटीत हात घातला आणि पाणी ओसरेपर्यंत फळी सोडली नाही. शेतं वाचली. त्याच्या उजव्या हाताची बोटं मात्र चिरडून गेली.

रविवारी चर्च गच्च भरलं. "दुसरा कोणी असता तर दार गेलंच असतं," लोक म्हणत होते. "देवाने बरोबर माणूस निवडला!"

पाळकाला क्षणभर हायसं वाटलं. देवाला होडीवालाच हवा असेल, तर आपला हात देवानेच हलवला नसेल का? असा विचार त्याने सहज जुळवला; जन्मभर असेच तर विचार जुळवले होते. मग समोर फडक्यात गुंडाळलेला हात दिसला आणि त्याला स्वतःची किळस आली. मडक्यात त्याचा हात दुसऱ्या कोणी हलवला नव्हता. घाबरला तो, शिंपली सोडली त्याने, आणि नाव देवाचं पुढे केलं.

तो वेदीपुढे उभा राहिला. "देवाने निवडलं नाही," तो म्हणाला. "माझ्या घराची शिंपली हाताला लागली होती. मी सोडली."

सगळ्यांच्या माना होडीवाल्याकडे वळल्या.

"म्हणजे माझी बोटं तुमच्या बोटांनी खाल्ली म्हणा की, पाळकबाबा," होडीवाला म्हणाला.

"हो."

"आणि गाव वाचलं ते?" होडीवाल्याची बायको कडाडली. "तेही तुमच्याच कृपेने का?"

"नाही गं बाई. ते देवाचं. माझ्या लबाडीतूनही त्याने गाव वाचवलं. पण लबाडी त्याची नव्हती, माझी होती."

पाळकाचा मुलगा उठला. "काका, उद्यापासून तुमचं वल्हं मी मारतो."

"तू बस," होडीवाला म्हणाला. "शिंपली तू सोडली नाहीस." मग पाळकाकडे वळून म्हणाला, "माफीचं मागाहून बघू. डावं वल्हं मी धरेन. उजव्याला माणूस नाही."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा पाळक होडीत बसू लागला. त्याच्या तळहातांना फोड आले, होडी वेडीवाकडी जाई, धक्क्यावरची माणसं हसत. होडीवाला काही दिवस त्याच्याशी बोललाही नाही.

एकदा एका प्रवाशाने चेष्टेने विचारलं, "काय पाळकबाबा, देवाने आता तुम्हाला वल्ह्यावर नेमलं वाटतं?"

पाळकाने मान वर केली नाही. "नाही," तो म्हणाला, "मी माझ्या मनाने आलो."

तेव्हा कुठे होडीवाला पहिल्यांदा बोलला, "जरा जोर लावा, बाबा. भरती लागली."

तात्पर्य: आपल्या वाईटातूनही चांगलं घडवणं देवाच्या हातात आहे, पण ते वाईट केलं कोणी, असं विचारल्यावर त्याच्याकडे बोट दाखवू नये.