अकरा ताटल्या आणि चॉकलेटची साल

समुद्राच्या काठी एक हिरवंगार गाव होतं. गावात केळीच्या वाड्या होत्या, जाईचे मांडव होते, आणि वाड्यांच्या मधून एक लालसर मातीची गल्ली नागमोडी जात होती. नाताळ जवळ आला की त्या गल्लीतल्या घराघरावर कागदी चांदण्या झुलू लागत. लाल, निळ्या, केशरी, मोरपंखी! आणि घराघरातून गोडाचा असा काही खमंग वास सुटे, की झाडावरच्या खारुतायासुद्धा शेपट्या सावरून नाक वर करत.

गल्लीच्या अगदी टोकाला एक पिटुकलं कौलारू घर होतं. तिथं नऊ वर्षांची आग्नेस आपल्या आईबरोबर राहायची. तिला सगळे लाडानं आगू म्हणत. आगूचे बाबा ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले होते. तिची आई पावलीन जाईच्या कळ्या खुडायची आणि गजरे विकायची. त्यावर दोघींचं कसंबसं चालायचं.

पण यंदा पावसाळा सरता सरता आईला ताप आला. दिवसामागून दिवस गेले. ताप उतरला, पण अंगातली सगळी ताकद घेऊन गेला. दोन महिने झाले, आई खाटेवरून उठली नव्हती. दोन घास खायची आणि ताट बाजूला सारायची. "सगळं कडू लागतं गं," म्हणायची.

त्या दोन महिन्यांत शेजाऱ्यांनी दोघींना उपाशी राहू दिलं नाही. कुणी गरम पेज आणली, कुणी तांदळाची भाकरी, कुणी माशाचं कालवण. आगू प्रत्येक ताटली घासूनपुसून फळीवर मांडून ठेवायची. निळ्या फुलांची रेमेदआजीची, काठाला टवका गेलेली इनासकाकांची, पोपटी रंगाची ब्रिजितामावशीची... अशा अकरा ताटल्या झाल्या. पण परत करायच्या कशा? त्या गावात शेजारची ताटली कुणी रिकामी परत करत नसे. आणि आगूच्या घरात तर ताटलीत ठेवायला काही म्हणता काही नव्हतं.

शेजारी कुणी काही बोलत नव्हतं. तरी गल्लीतून जाताना आगूची मान आपोआप खाली जायची.

नाताळच्या आदल्या सकाळी ती जाईला पाणी घालायला परसातल्या वाडीत गेली. वाडीच्या कोपऱ्यात कोकोचं एक जुनं, वाकडं झाड होतं. त्याला कित्येक वर्षांत फळ धरलं नव्हतं. "तोडून टाक ते," असं सगळे सांगायचे. पण आगूला त्या झाडाची दया यायची. जाईचं झालं की एक कळशी ती त्यालाही घालायची.

आज मात्र झाडाच्या बुंध्याला एक फळ लटकलं होतं. सोन्यासारखं पिवळं आणि सूर्यासारखं तांबूस! आगूनं अलगद बोट लावलं, तोच फळ टच्चकन उघडलं, आणि आतून एक चिमुकली परी बाहेर आली. आगूच्या करंगळीएवढी! तिचा झगा मखमली तपकिरी होता, त्याला सोनेरी किनार होती, आणि चतुरासारखे पंख उन्हात लखलख करत होते.

"घाबरू नकोस, आगू," परी मंजुळ आवाजात म्हणाली. "सगळ्यांनी विसरलेल्या झाडाला तू पाणी घातलंस. माग, एक इच्छा माग."

आगूच्या डोळ्यांपुढे नवा झगा आला, लाल बूट आले. मग फळीवरच्या ताटल्या आल्या.

"परीताई," ती हळूच म्हणाली, "आमच्या घरातल्या अकरा ताटल्या भरून परत जाऊ देत."

परीचे डोळे चमकले. "जातील. पण त्या भरायच्या तूच. मी तुला चॉकलेट देते. त्याचे तीन नियम आहेत, नीट ऐक. पहिला, चॉकलेटला पाण्याचा एक थेंबही लागता कामा नये. दुसरा, ते जाळावर ठेवायचं नाही. नुसत्या वाफेच्या उबेवर, घाई न करता वितळवायचं."

"आणि तिसरा?"

"तिसरा कठीण आहे. यातला एकही तुकडा तुझ्या किंवा आईच्या हातून तुमच्या तोंडात जायचा नाही. शेजाऱ्यांकडे मागायचाही नाही. दुसऱ्या कुणी आपणहून दिला, तरच खायचा. एक जरी नियम मोडला, तरी सगळ्या चॉकलेटचा वाळका पाला होईल."

परीनं पंख झटकले. सोनेरी भुकटी उडाली आणि आगूच्या ओंजळीत चॉकलेटच्या काळ्याभोर, चकचकीत वड्याच वड्या पडल्या. ओंजळ भरली, मग झग्याची ओटी भरली. आगूनं मान वर केली, तर परी नव्हती.

आगू धावत घरी आली. तिनं चूल पेटवली, मोठ्या टोपात थोडं पाणी तापत ठेवलं आणि त्यावर कोरडं ठणठणीत पातेलं असं बसवलं, की पाणी त्याच्या बुडाला शिवणार नाही. हात तीनतीनदा पुसले. मग वड्या टाकून ती लाकडी चमच्यानं हळूहळू ढवळू लागली. वड्यांचे कोपरे मऊ झाले, मग सगळ्या वड्या विरघळल्या, आणि पातेल्यात रेशमासारखं तपकिरी तळं झुळझुळू लागलं.

तो वास नाकात गेला आणि आगूला मागचा नाताळ आठवला. आई कशी गाणं गुणगुणत घरभर फिरायची! आगूचे डोळे भरून आले. पण डोळ्यांतलं पाणीसुद्धा पाणीच की! ती चटकन मागं वळली आणि बाहीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. डोळे कोरडे झाले, मगच ती पुन्हा पातेल्याकडे वळली.

केळीची कोवळी पानं पुसून तिनं ओटीवर अंथरली. त्यावर चॉकलेट ओतून पातळ पसरलं. डब्याच्या तळाशी मूठभर शेंगदाणे होते, ते भाजून टाकले. खोबऱ्याचे पातळ काप टाकले. ब्रिजितामावशीनं दिलेली मधासारखी गोड सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बारीक चिरून टाकली. वरून चिमटीभर मीठ. तपकिरी चॉकलेटवर पांढरे, सोनेरी, बदामी ठिपके झळकू लागले.

सावलीत, गार वाऱ्यावर दुपारपर्यंत सगळं कडक झालं. आगूनं पान सोलून काढलं, तर खालच्या बाजूला केळीच्या पानाच्या बारीक बारीक रेषा उमटल्या होत्या. ती तुकडे मोडू लागली. कट्! कट्! कुठला मोठा, कुठला छोटा, कुठला त्रिकोणी. अकराच्या अकरा ताटल्या भरल्या!

"आगू," खाटेवरून आईचा क्षीण आवाज आला. "कसला गं हा वास? मला एक तुकडा देतेस? आज काहीतरी खावंसं वाटतंय."

आगूचा हात तुकड्याकडे गेला आणि तिथंच थांबला. दोन महिन्यांत आईनं आपणहून काही मागितलं नव्हतं! होऊ दे पाला, असं तिला वाटलं. मग त्या अकरा ताटल्यांकडे तिनं पाहिलं.

ती आईजवळ जाऊन बसली. "आई, मला हे देता येत नाही. का ते नंतर सांगते. पण माझ्याबरोबर ताटल्या द्यायला येतेस?"

"मी? अगं, माझे पाय तरी धरतील का?"

"माझ्या खांद्यावर हात ठेव. रेमेदआजीच्या दारापर्यंतच जाऊ. नाही जमलं तर परत येऊ."

आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं एक पाय खाली टेकवला. मग दुसरा. ती लटपटली, थांबली, पुन्हा उभी राहिली. एका हातात निळ्या फुलांची ताटली आणि खांद्यावर आईचा हात, अशी आगू उंबऱ्याबाहेर आली. कलतं ऊन आईच्या चेहऱ्यावर पडलं.

रेमेदआजीनं दार उघडलं आणि तिचे हात थेट गालांवर गेले. "पावलीन! अगं, तू चालत आलीस?" मग तिनं ताटलीकडे पाहिलं. "आणि ही कसली गं, झाडाची साल?"

"चॉकलेटची साल आहे, आजी," आगू म्हणाली. "मी केली."

आजीनं सगळ्यात मोठा तुकडा उचलला. आगूला वाटलं, आता आजी खाणार. पण आजीनं तो थेट आईच्या तोंडाशी नेला. "आधी तू. आजाऱ्यानं आधी."

आईनं तुकडा चावला. कुडुम! हळूहळू तिच्या फिकट गालांवर लाली आली. "गोड लागतंय," ती म्हणाली. "आगू, मला गोड लागतंय गं!"

मग आगू धावत घरून पुढची ताटली घेऊन आली आणि दोघी इनासकाकांकडे गेल्या. तिथंही तेच! काकांनी एक तुकडा आईला दिला, एक आगूला. ब्रिजितामावशीनं तर दोघींना मिठीच मारली. दर घरी आईची पावलं थोडी घट्ट पडत गेली. सातव्या घरापाशी तिनं आगूच्या खांद्यावरचा हात काढला. अकराव्या घरातून निघाली, तेव्हा ती गाणं गुणगुणत होती.

आईला आजीच्या ओटीवर गप्पांत सोडून आगू वाडीत धावली. परी कोकोच्या पानावर पाय हलवत बसली होती.

"परीताई, आई चालली! सगळी गल्ली चालली!"

"पाहिलं मी," परी हसली. "आता स्वतःसाठी काही माग."

आगूनं खूप विचार केला. मग खिशातून एक तुकडा काढला. तो तिला शेवटच्या घरी मिळाला होता. "तू खाल्लंस का चॉकलेट?"

परीचे पंख जरासे थरथरले. "मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

आगूनं एक कण मोडून तिच्या हातावर ठेवला. परीनं तो दोन्ही हातांनी धरून कुरतडला. तिच्या ओठांवर तपकिरी मिशी उमटली आणि ती घंटीसारखी किणकिण हसली. त्या हसण्यातून उजेड फुटला, आधी मधासारखा, मग सोन्यासारखा, मग दुपारच्या समुद्रासारखा लखलखीत. आगूनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा परी नव्हती. त्या वाकड्या म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्यावर मात्र वरपासून खालपर्यंत शेकडो पांढरी-गुलाबी फुलं उमलली होती, नखाएवढी, आणि पहिली मधमाशी गुणगुणत त्यांच्याकडे येत होती.