कुरवांची रापण

नांदवट बंदराच्या उत्तरेला डोंगराची एक सोंड समुद्रात उतरते आणि काळ्या खडपांवर येऊन थांबते. तिला गावात टेहळ्याचं नाक म्हणतात. फाल्गुन सरत आला की या नाकावर दुर्बिणीवाले पाहुणे दिसू लागतात. हिवाळाभर बंदरात मुक्कामाला असलेले पांढरे कुरव याच दिवसांत उत्तरेकडे परततात. त्यांच्या लांबच लांब रांगा या टोकाला वळसा घालून जातात, आणि त्या बघायला माणसं कुठून कुठून येतात. पाहुण्यांना वर घेऊन जायचं काम बाबी तारी करतात. उभा जन्म होडीवर काढलेला हा म्हातारा त्यांना आधी सावलीला बसवतो, पाणी देतो आणि बजावतो की पक्षी आपल्या मर्जीने उडतील, तुमच्या घाईने नव्हे. मग कुणीतरी हमखास विचारतं, की खाली वाळूवर एवढी माणसं दोर धरून उभी आहेत, जाळ्यात मासा उसळतोय, आणि कुणी ओढत का नाही? बाबी तारींची गोष्ट तिथून सुरू होते.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हाही नांदवट रापणीवरच जगत होतं. रापण म्हणजे गावभराचं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि बाया-माणसं दोन रांगांत उभी राहून ते ओढतात. मासा मिळाला की त्याचे वाटे पडतात. ओढणाऱ्याला वाटा, होडीला वाटा, विधवेला वाटा, देवाला वाटा. मात्र मासा कुठे आहे हे वाळूवर उभ्या माणसाला दिसत नाही. ते दिसतं नाकावरून. म्हणून तिथे एक टेहळ्या बसायचा. कुरव कुठे घिरट्या घालतात, पाण्याचा रंग कुठे बदलतो हे बघून तो तांबडा फडका हलवायचा, आणि त्या इशाऱ्यावर होडी सुटायची.

त्या काळी टेहळ्या होता धाकू. बायको कधीच गेलेली, घरात एकुलता एक मुलगा बाबल आणि पोटुशी सून. धाकू बोलायला तुसडा, पण नजर अशी की कुरवाच्या मान वळवण्यावरून तो सांगे, खाली बांगडा आहे की तारली. कुरवांशी तो बोलायचाही. दिवसभर दुसरं होतं कोण तिथे बोलायला?

एका फाल्गुनात बाबल आणि गावातले आणखी तिघे खोल पाण्यात गेले आणि वारा फिरला. होडी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर धुकं उतरलं, आणि असं उतरलं की नाकावरून खालचं खडपही दिसेना. त्या होडीत इठायचा नारू होता. इठाय विधवा, तिलाही तो एकच. ती खाली वाळूवर बसून राहिली आणि धाकू वर. सून त्याला भाकरी आणून द्यायची आणि तशीच परत न्यायची.

धुकं काही हटेना. तेव्हा एका सकाळी धाकू उठला आणि खडपावर बसलेल्या कुरवांसमोर त्याने हात जोडले आणि मुलाला घरी आणा म्हणून नवस केला. म्हणाला, “तुमका सगळो दर्या दिसता. माझ्या झिलाक घराक हाडा. हंगामातली शेवटची रापण सगळी तुमची.”

कुरवांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी पहाटे होडी आली. बाबल सांगायचा, की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं, जमीन कुठल्या बाजूला तेही समजत नव्हतं. आणि एकदम धुक्यातून कलकलाट ऐकू आला, मासळीबाजारात भांडण जुंपावं तसा. कुरव पहाटे नाकावर ओरडतात हे नांदवटच्या पोरालाही माहीत असतं. आवाजाच्या रोखाने ते वल्हवत राहिले आणि खडपाला लागले.

होडीतून तिघे उतरले. नारू नव्हता. पहिल्याच दिवशीच्या वादळात डोलकाठी मोडली, तिच्यात गुंतलेला दोर कापायला तो पुढे सरकला आणि लाटेने त्याला नेलं.

इठायने एकदा होडीत वाकून बघितलं आणि ती घरी निघून गेली. धाकूने मुलाला पोटाशी धरलं खरं, पण त्याला मोकळेपणी रडता आलं नाही. त्या घटकेपासून एक विचार त्याच्या काळजात रुतून बसला. आपण ‘माझ्या झिलाक’ म्हणालो. ‘होडीक’ म्हणालो असतो तर? तोंडातून एक शब्द जास्त निघाला असता तर काय झिजलो असतो का आपण? नारू आधीच गेला होता हे त्याला कळत होतं. त्याने नवस बोलायच्या कितीतरी आधी गेला होता. पण कळण्याने समाधान होतं असं थोडंच आहे. इठाय वाटेत दिसली की तो दुसऱ्या पाणंदीने जायचा.

त्यात त्या वर्षी मासा रुसला. फडका हलवायची वेळच येईना. चैत्र लागला तरी कुणाच्या दारात सुकी मासळी वाळताना दिसेना. पुढे पावसाचे चार महिने समुद्र बंद, आणि घरात भाताची कणगी तळाला गेलेली. माणसं देवळात कौल लावून आली. देव बोलला नाही.

मग एका सकाळी धाकूने वरून बघितलं तर बंदराचं पाणी काळंभोर झालेलं. तारलीचा एवढा थवा आयुष्यात त्याने बघितला नव्हता. खाली होडी तयार होती, माणसं तोंडं वर करून उभी होती. धाकूने फडका उचलला, आणि त्याचं लक्ष कुरवांकडे गेलं.

ते सगळे खडपावर जमले होते. एरवी जागेवरून एकमेकांना टोचणारे पक्षी आज गुमान बसले होते, आणि एकूणएक चोची उत्तरेकडे. धाकूने जन्मभर हे बघितलं होतं. आज पोटभर खातील आणि ऊन चढलं की जातील. ते गेले की हंगाम संपला. म्हणजे हीच शेवटची रापण.

हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. फडका हलवला असता तर गाव जेवलं असतं, आणि नवसाचं बोलणं त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं. देणं चुकवावं तर गावाच्या ताटातलं उचलून द्यावं लागणार, आणि न चुकवावं तर बाबलच्या तोंडाकडे बघायचं कसं? शेवटी त्याने फडका खांद्यावर टाकला आणि तो नाक उतरू लागला. थवा बंदरात असताना टेहळ्या खाली आला, असं नांदवटात कधी घडलं नव्हतं म्हणे.

रापणीचा म्होरक्या, तांडेल भिवा धावतच सामोरा आला. “धाकू, फडको कित्याक हलवक नाय? मासो भायर जाता मरे!”

धाकूने सगळ्यांसमोर नवस सांगितला. भिवाला आधी ते खरंच वाटेना. मग तो म्हणाला, “शेवटची कशावरून? आज आपण घेवया. उद्या मिळतली ती तेंका दिवया.”

“उद्या ते नसतले. आजच जातले.”

“आणि पावसात पोरांच्या तोंडात काय घालतलंव? कुरवांची पिसां?”

“माझो वाटो असतो तर इचारूक इलंय नसतंय,” धाकू म्हणाला. “नवस माझो, पण मासो तुमचो. म्हणान इचारतंय.”

एकच गलका झाला. आमचा वाटा आम्हाला न विचारता नवसाला लावणारा तू कोण, असं लोक तोंडावर बोलू लागले. त्यांचं तरी काय चुकलं? बाबलबरोबर परत आलेल्या दोघांच्या घरची माणसं खाली माना घालून उभी राहिली. त्यांना हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तेवढ्यात मागून इठाय आली. लोकांनी तिला वाट दिली. गावात या नवसाचं काहीच देणं नसलेली बाई कोण, तर ती होती. तिने नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, आणि तिला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नसती. तिने धाकूला विचारलं, “काय म्हणान मागलंस? शब्द कसे होते?”

धाकूला खोटं बोलता आलं असतं. ऐकायला कुरवांखेरीज तिथे होतं कोण? पण तो म्हणाला, “माझ्या झिलाक हाडा, इतक्याच म्हटलंय. होडयेचा नाव घेवक नाय. नारूचा नाव घेवक नाय.”

“म्हणजे देताना गावाचा दिलंस,” इठाय म्हणाली, “आणि मागताना आपला मागलंस.”

धाकूने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

इठायने पदर खोचला आणि वाळूत पडलेल्या दोराचं टोक उचललं. “जाळा सोडा,” ती भिवाला म्हणाली. “माझो नारू खंय आसा तां त्या कुरवांकच ठावक. तेंका मी उपाशी धाडूचंय नाय. दिल्या शब्दाचो मासो माझ्या घशाखाली उतरूचो नाय. कोणाच्या उतरत असलो तर तेणी घरी जावचा.” आणि धाकूकडे वळून म्हणाली, “पण गाऱ्हाणा पुन्हा घालूक होया. आणि ह्या खेपेक नीट घाल.”

कुणीही घरी गेलं नाही. भिवा पुटपुटत होडीवर चढला, पण चढला.

होडीने जाळं सोडलं, थवा आत सापडला, दोर किनाऱ्यावर आले. गावाने दोर ओढून घेर लहान केला, मासा उथळ पाण्यात उसळू लागला, आणि मग गाव थांबलं. सगळी माणसं दोर ताणून तशीच उभी राहिली. कुरव खडपावरून उठले. असा पांढरा कल्लोळ नांदवटने त्याआधी बघितला नव्हता. ते पाण्यावर आपटत होते, मासा उचलत होते, पुन्हा येत होते. उपाशी पोरं आयांच्या पायांशी उभी राहून ते बघत होती. माणसांचे खांदे भरून आले, तळहात सोलवटले, ऊन डोक्यावर आलं, पण दोर कुणी सोडला नाही.

धाकूने दोर धरल्या हातांनीच गाऱ्हाणं घातलं. दर्याला आणि देवाला साद घालून तो एकेक नाव घेऊ लागला. भिवाच्या झिलाक सांभाळ रे म्हाराजा. आणि गाव म्हणालं, व्हय म्हाराजा! घराघरांतली दर्यावर जाणारी पोरं त्याने अशी नावानिशी घेतली. बाबलचं नाव मात्र त्याने घेतलं नाही. ते शेजाऱ्याने घेतलं. सगळी नावं झाली तेव्हा तो म्हणाला,

“इठायच्या नारूक घराक हाड रे म्हाराजा!”

गेलेल्या माणसासाठी गाऱ्हाणं कुणी ऐकलं होतं? याला व्हय म्हणावं तरी कसं? दोरावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा दोराच्या टोकाला उभ्या असलेल्या इठायने स्वतःच हाक दिली, “व्हय म्हाराजा!” आणि तिच्यामागून सगळा किनारा ओरडला.

थोड्या वेळाने कुरव उठले. बंदरावर एक फेरी घेऊन ते रांगेने नाकाला वळसा घालून उत्तरेकडे गेले. शेवटचा पक्षी दिसेनासा झाल्यावर गावाने दोर सोडले आणि उरलेली तारली जशी आली तशी दर्यात परत गेली.

देवाने खूश होऊन दुसऱ्या दिवशी जाळी भरून दिली, असं बाबी तारी सांगत नाहीत. कुणी पाहुण्याने सुचवलं तर चिडतात. मासा आला नाही. त्या पावसाळ्यात नांदवट खडपावरची कालवं आणि रानातली कंदमुळं खाऊन राहिलं, आणि पोटं पाठीला लागली. कुणी दगावलं नाही म्हणतात. पण सांगणारे वाचलेल्यांचेच वंशज, तेव्हा ते असंच सांगणार, हेही बाबी तारीच म्हणतात. आश्विनात पहिला कुरव खडपावर उतरला तेव्हा धाकूच्या मांडीवर नातू होता. त्याला घेऊन तो आधी इठायच्या घरी गेला.

आजही चैत्रात कुरव उत्तरेकडे चोची करून बसले की नांदवट जाळं सोडतं, मासा घेरतं आणि पक्षी जाईपर्यंत दोर धरून उभं राहतं. दोराचं टोक त्या घराला, ज्याचं माणूस त्या वर्षी दर्यातून परत आलं नाही. असं घर नसेल तर टोक कुणीच धरत नाही. ते वाळूवर मोकळं पडून असतं, आणि तसं ते दिसलं की म्हाताऱ्या बाया त्याला हात लावून नमस्कार करतात. गाऱ्हाण्यात आपल्या घरचं नाव आपण घ्यायचं नाही, शेजाऱ्याचं घ्यायचं, हा नियम आजही पाळतात. पाहुणे वरून ऐकत असतात. सगळी नावं संपली की एक नाव उरतं. त्या नावाचं घर गावात नाही, वंश नाही. तरी दरवर्षी कुणीतरी नारूला घरी आण म्हणून दर्याला सांगतं, आणि दोन्ही दोरांवरची माणसं एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!”