जुन्या मापाची गोळी

वेणुतट नगरावर धृतसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या एका न्हाव्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव वत्सक. हात हलका, बोलणे मोजके, आणि एकदा हाताखालून गेलेले डोके ते विसरत नसत. दरबाराने त्यांच्यामागे दोन कामे लावून दिली होती. शुद्धिशाळेतून सुटणाऱ्या माणसाची वेशीपाशी हजामत करायची, आणि नदीकाठच्या स्मशानघाटावर मेलेल्याच्या मुलाचे किंवा भावाचे डोके भादरायचे. दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत असे कोणी मुद्दाम ठरवले नव्हते. दुसरा न्हावी घाटावर जायला तयार नव्हता, एवढेच.

आता ही शुद्धिशाळा काय, ते सांगायला हवे. वेणुतटाचा सारा व्यापार नदीवरून चाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की भरलेल्या नावा काठावरून दोर लावून वर ओढाव्या लागत. ते काम करणाऱ्यांचे खांदे सोलून निघत, आणि दुखणे मारायला ती माणसे अफूची गोळी खात. पिढ्यान् पिढ्या खात होती आणि कोणाचे तिकडे लक्षही नव्हते. मग एकदा राजाचे घोडे आणणारी नाव ओढताना दोघांना पेंग आली, दोर सुटला, नाव उलटली आणि सहा घोडे बुडाले. नावेतले दोन नावाडीही बुडाले, पण दरबारात चर्चा झाली ती घोड्यांची. अमात्य विनयगुप्ताने कायदा केला. ज्याच्याजवळ अफू सापडेल त्याला तीन महिने शुद्धिशाळेत कोंडायचे, दुसऱ्यांदा सापडला तर वर्षभर. त्याच्या सोबत जो सापडेल त्यालाही कोंडायचे. मुदत संपली की हजामत, आंघोळ, ओंजळीत पाणी घेऊन शपथ आणि अंगावर पांढरे वस्त्र, की झाला माणूस शुद्ध. विनयगुप्त नाकासमोर चालणारा माणूस होता. ह्यात लोकांचे भले आहे असे त्याला अगदी मनापासून वाटे, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलणे कठीण होते.

घाटाच्या पायऱ्यांवर भद्रिका नावाची बाई लाह्या विकत असे. तिचा नवरा पिंगल नावा ओढणारा. धोतराच्या गाठीत गोळी सापडली म्हणून तो शाळेत गेला होता, आणि उद्या सुटणार होता. तिने घर सारवले होते, चार वर्षांच्या पोरीला नवे परकर-पोलके शिवले होते. सकाळपासून ती गिऱ्हाइकांना ओंजळभर लाह्या जास्तच देत होती.

बोधिसत्त्व लाह्या घ्यायला आले आणि घेऊन झाल्यावरही उभेच राहिले.

"उद्या पिंगल सुटतोय ना, पोरी?"

"हो वत्सकदादा. तुमच्याच हाताखालून यायचे आहेत."

"म्हणूनच थांबलो. ऐकून तुला राग येईल. कामावर गेला की खांदा दुखेल, आणि खांदा दुखला की तो गोळी खाईल. खाल्लीच, तर जुन्या मापाची खाऊ देऊ नकोस."

भद्रिकेचा चेहरा उतरला. "शपथ घेऊन येणारेत ते."

"शपथ सगळेच मनापासून घेतात. मी समोर असतो ना." बोधिसत्त्व पायरीवर बसले. "तीन महिन्यांत अंगाची सवय जाते गं. हात मात्र जुनंच माप उचलतो. आधी हरभऱ्याएवढी पचत होती, तेवढीच आता श्वास बंद करते. वर्षभरात वेशीपाशी मी ज्यांची डोकी केली, त्यांतल्या अकरा जणांच्या मुलाभावांची डोकी मी चार दिवसांच्या आत ह्या घाटावर केलीत. पहिल्यांदाच खातोय असं समजून मोहरीएवढी घ्यायची. एकट्यानं घ्यायची नाही. कुणीतरी जवळ बसायचं. श्वास लांबायला लागले तर कुशीवर वळवायचं, हाका मारत राहायचं आणि मला बोलवायचं."

भद्रिकेने घाईने मागे पाहिले. वरच्या पायरीवर दोन शिपाई ऊस खात बसले होते.

"हळू बोला दादा. असं सांगणंसुद्धा गुन्हा आहे."

"असेल," बोधिसत्त्व म्हणाले, आणि लाह्यांचा पुडा घेऊन निघून गेले.

तिला राग आला होता, आणि रागाखाली भीती बसली होती. माणूस घरी यायच्या आधीच हे अभद्र बोलणे. पुष्कळ विचार करून तिने ठरवले की पिंगलापाशी गोळीचे नावच काढायचे नाही. नाव काढले तर आपणच आठवण करून दिल्यासारखे होईल. चांगल्या बायका अशा चुका करतात, आणि त्या प्रेमापोटीच करतात.

पिंगल सुटून आला. त्याच दिवशी सारंग नावाच्या कुंभाराचा भाऊही सुटला. पिंगल अंगाने भरला होता, हसत होता. दोन दिवस त्याने पोरीला खांद्यावरून खाली उतरू दिले नाही. भद्रिका हसे, पण तिचे डोळे त्याच्या हातांवर असत. तो धोतराची गाठ चाचपतो का, कुणाशी हळू बोलतो का. तो झोपला की ती त्याच्या छातीवर तळहात ठेवी आणि छाती वरखाली होते आहे ना हे पाही. स्वतःच्याच घरात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला. तीन महिन्यांत खांद्याची कातडी मऊ पडली होती आणि दोराने ती पहिल्याच फेरीत सोलली. घरी येऊन तो न जेवता बसून राहिला.

"खांदा कसा आहे?"

"जागेवर आहे," तो म्हणाला.

दादांचे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. मोहरीएवढी, एकट्याने नाही. तिने ते गिळले आणि खांद्याला हळद लावली. दुसऱ्या दिवशी पहाटेच सारंगाचा भाऊ मेल्याची बातमी आळीत आली, आणि तोवर पिंगल कामावर निघून गेला होता.

दुपारी तो भाकरी खायला आला नाही. भद्रिका टोपली तशीच टाकून उठली. नावांच्या धक्क्यावर त्याचा सोबती कुंडल भेटला. त्याने तिची नजर चुकवली.

"कुठे आहेत?"

"माझ्याकडे आला होता. फार कळवळत होता वहिनी. मी गोळी दिली. जवळ बस म्हणाला, पण मी नाही बसलो. मला चार पोरं आहेत."

"केवढी दिलीत?"

"त्याची नेहमीचीच."

नदीच्या वाळवंटात जुन्या नावा पालथ्या घालून ठेवलेल्या असत. तिसऱ्या नावेखाली तिला तो सापडला. ओठ जांभळे पडले होते. एक घोरल्यासारखा श्वास आला, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक.

ती ओरडणार होती. तोंडही उघडले होते. पण ओरडले की आधी शिपाई येणार. त्याला वर्षभर कोंडतील, आपल्याला तीन महिने, आणि पोर कुणाकडे राहील? कदाचित तो आपोआप जागा होईल. कदाचित ही नुसती गाढ झोप असेल. ती तशीच वाकून उभी राहिली आणि त्याचे श्वास मोजू लागली. एक झाला, दोन झाले, तिसरा फार उशिरा आला. चौथा आला. पाचवा आलाच नाही, आणि मग ती घाटाच्या दिशेने ओरडत सुटली.

बोधिसत्त्व तेव्हा सारंगाचे डोके भादरत होते. अर्धे झाले होते, अर्ध्यावर केस होते. असे क्षौर अर्धे टाकून न्हाव्याने उठू नये, मेलेल्याला गती मिळत नाही, असा घाटाचा पक्का समज. बोधिसत्त्वांनी वस्तरा खाली ठेवला आणि ते भद्रिकेमागे धावले. मागून उपाध्ये ओरडत राहिले.

बोधिसत्त्वांची बायको सुईण होती. जन्मून न रडलेल्या पोराच्या तोंडात ती कशी फुंकर घालते, हे त्यांनी किती वेळा पाहिले होते. त्यांनी पिंगलाला ओढून उताणे केले, मान मागे टाकली, नाक चिमटीत धरले आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरला. छाती उचलली गेली, खाली बसली. पुन्हा भरला. गर्दी जमली, ऊस खाणारे शिपाईही आले. एकाने बोधिसत्त्वांचे दंड धरले. "ऊठ. तिघांनाही बांधायचं आहे."

"ह्याचा श्वास येऊ दे, मग बांध," दोन श्वासांच्या मधे बोधिसत्त्व म्हणाले. "तोवर ह्याची मान अशी धर."

शिपाई गोंधळला, आणि गोंधळून त्याने मान धरली. भद्रिका नवऱ्याचे पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिला रडूही येत नव्हते. नावेची सावली हातभर सरकली, तेव्हा पिंगल खोकला, ओकला, आणि त्याने स्वतःचा श्वास घेतला. मग शिपायाने कायद्याप्रमाणे तिघांना बांधले, पण दोर मात्र सैल ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिघे राजापुढे उभे होते. अमात्याने आरोप सांगितले. अफू कशी खावी हे न्हाव्याने शिकवले, म्हणजे त्याने खायला मदत केली. घाटाच्या उपाध्यांनी आपली तक्रार वेगळी आणली होती, आणि पुरावा म्हणून सारंगालाच समोर उभे केले होते, अर्धे डोके तुळतुळीत आणि अर्धे केसाळ असे. दरबारात कोणीतरी हसले. सारंगाने मान वर केली नाही.

"न्हाव्या, तुला काय म्हणायचं आहे?" राजाने विचारले.

"महाराज, शाळेतून माणूस शुद्ध होऊन जातो हे मी वेशीपाशी पाहतो. पुढचं मी घाटावर पाहतो. वर्षभरात अकरा जण सुटल्यावर चार दिवसांच्या आत तिथं आले, ह्या सारंगाचा भाऊ बारावा. दोन्ही ठिकाणी मीच असतो, म्हणून मला दिसलं. अमात्यांना दिसायला वावच नव्हता."

"जो शपथ मोडून विष खातो, तो आपल्या कर्मानं मरतो," विनयगुप्त म्हणाला. "कायदा त्याला मारत नाही."

"ते ह्या बाईला विचारा," बोधिसत्त्व म्हणाले.

शिपायाने भद्रिकेला पुढे आणले. राजाने विचारले, "तुला नवरा दिसला तेव्हा तू लगेच हाक मारलीस?"

खोटे बोलणे सोपे होते. तिने पिंगलाकडे पाहिले. "नाही महाराज. त्यांचे चार श्वास होईपर्यंत मी उभी राहिले. शुद्धिशाळेचा विचार करत होते. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जात होता आणि मी शिपायांना भीत होते. पाचवा श्वास आला असता, तर मी आणखीही उभी राहिले असते."

सारंग पुढे झाला.

"महाराज, माझी तक्रार नाही. वत्सकदादांनी मलाही सांगितलं होतं. माझा भाऊ भिंतीपलीकडे घोरत होता. ते घोरणं साधं नाही हे मला कळत होतं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं." त्याने आपल्या डोक्यावरून हात फिरवला. "ह्यांच्यासाठी दादा उठले ते बरं झालं. माझ्यासाठी कुणाला उठवायची हिंमत मला झाली नाही."

विनयगुप्ताचा आवाज बदलला होता. "आणि बाकीचे अकरा?"

"त्यांच्या घरच्यांना विचारा," बोधिसत्त्व म्हणाले. "त्यांनी मला सांगितलंय, पण माझ्यापुढे डोकं वाकवून सांगितलेलं मी दुसरीकडे बोलत नाही. एवढंच म्हणेन, ज्याला सोडायची आहे त्याला वैद्य द्या. ज्याला सोडवत नाही त्याला माप सांगा, सोबत द्या. आणि मदतीला हाक मारणाऱ्याला कुणी बांधू नये. बाकी काय हवं ते ह्या माणसांनाच विचारा. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही."

राजाने पिंगलाकडे पाहिले. तो क्षमा मागेल असेच सगळ्यांना वाटले. पिंगल म्हणाला, "दोराखाली कातड्याची गादी हवी महाराज. आणि एका नावेला आठाऐवजी दहा माणसं."

राजाने तिघांचे दोर सोडवले. त्या दिवसापासून हाक मारणारा निर्दोष ठरला, अफू खाणाऱ्याला कोंडणे बंद झाले, आणि शाळेत अडकलेली चाळीस माणसे घरी गेली. त्यातल्या प्रत्येकाला बोधिसत्त्वांनी हजामत करता करता माप सांगितले. नदीकाठी एक पडवी उभी राहिली. तिथे वैद्य येई, आणि गोळी घेणाऱ्याजवळ कोणी ना कोणी बसलेले असे. खांद्यांना गाद्या मिळाल्या. पिंगलाने अफू सोडली का, असे लोक विचारत. काही वर्षे सोडली, काही वर्षे नाही. पोरीच्या लग्नात मात्र तो होता, आणि भद्रिका आता त्याच्याशी सगळे उघड बोलत असे.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली तेव्हा विहाराच्या रुग्णशाळेत एक दारुडा तापाने फणफणत पडला होता. संयत नावाचा भिक्षू तक्रार घेऊन आला होता, की ह्याला आधी दारू सोडायला लावावी आणि मगच अंथरूण द्यावे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा सारंग म्हणजे रुग्णशाळेत पाणी भरणारा हा उपासक. भद्रिका म्हणजे भिक्षुणी उत्पलिका, जी आजही रोग्याजवळ बसली की त्याचे श्वास मोजते. पिंगल म्हणजे स्थविर अनुरत, ज्यांच्यापाशी तुम्ही सगळे ध्यान शिकता. राजा धृतसेन आज ह्या विहाराला धान्य देणारा श्रेष्ठी आहे. आणि न्हावी वत्सक मीच होतो."

संयताने खाली मान घालून विचारले, "भंते, अमात्य कोण होता?"

"शाळेच्या दाराची कडी त्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने काढली होती, संयत," शास्ते म्हणाले. "तुला ते आठवत नाही. मला आठवते."

संयत उठला, रुग्णशाळेत गेला आणि त्या माणसाखालची ओली चटई काढून त्याने आपली कोरडी चटई घातली. बोधीच्या वाटेवरची जी पारमिता त्या जन्मी बोधिसत्त्वांनी पूर्ण केली, ती मैत्रीची.