कच्च्या भोपळ्यांचा रस

डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात एक साळू राहत असे. तिच्या बिळापुढे तांबड्या भोपळ्यांचा वेल होता, तसाच ओढ्यापलीकडे राहणाऱ्या अस्वलाकडेही होता. पाऊस सरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की दोघेही पिकल्या भोपळ्यांचा रस मडक्यात आंबवत. पण मुलांनो, दरवर्षी सगळे प्राणी आधी जमत ते अस्वलाच्या दारी! "अस्वलदादा, तुमचा रस प्यायल्याशिवाय शरद ऋतू आल्यासारखा वाटतच नाही," असे ससा म्हणाला, की साळूच्या अंगावरचा एकेक काटा ताठ उभा राही. "माझ्या रसाला काय धाड भरली आहे?" ती पुटपुटे. तिच्या मनाने घेतले, की अस्वलाचे मडके आधी उघडते, म्हणूनच त्याचे एवढे कौतुक होते.

एका वर्षी श्रावण लागला आणि तिला चैन पडेना. रोज सकाळी ती ओढ्याकाठी येऊन अस्वलाचे भोपळे किती फुगले ते चोरून पाही आणि जळफळत परत जाई. शेवटी एके दिवशी तिने आपल्या वेलावरचे सगळे भोपळे तोडले. ते अजून हिरवे होते. त्यांचा रस तिने घाईघाईने मडक्यात भरला आणि चारच दिवसांत हाकारा केला, "या हो या! यंदाचा पहिला रस माझ्याकडे!"

एवढ्या लवकर रस आला, याचे सर्वांनाच नवल वाटले. साळूच्या दारी ही गर्दी झाली! ओढ्यापलीकडे अस्वल एकटेच बसलेले पाहून तिला गुदगुल्या झाल्या. पण सशाने एक घोट घेतला आणि त्याचे तोंड वेडेवाकडे झाले. "साळूताई, हा तुरट लागतो हो," तो हळूच म्हणाला. हरणाने द्रोण न संपवताच खाली ठेवला. बघता बघता अंगण रिकामे झाले.

पुढे आश्विन आला. अस्वलाच्या रसाचा गोड वास जंगलभर दरवळला. साळू बिळात तोंड लपवून बसली होती. तिला शोधत अस्वलच द्रोण घेऊन आले.

"घे, साळूताई. पण यंदा तुझा वेल माझ्यापेक्षा सरस होता. तुझ्या रसाची चव घ्यायला मीच येणार होतो. मग ते भोपळे इतक्या लवकर का तोडलेस?"

"कच्चेच तोडले," साळू कशीबशी म्हणाली. "तुझ्या आधी मडके उघडायचे होते मला."

साळूने द्रोण तोंडाला लावला. रस गोड होता, पण एक घोट घेऊन तिने द्रोण खाली ठेवला. बाहेर तिचा वेल वाळून गेला होता आणि त्यावर एकही भोपळा उरला नव्हता.

तात्पर्य : मत्सरापोटी दुसऱ्याच्या पुढे जाण्याची घाई केली, तर आपल्याच चांगल्या गोष्टीचा घात होतो.