चाकावरचं पिंप

एका गावात एक गाडीवान होता. माणूस भला, बैल त्याहून भले. पण स्वारीचे कान भारी नाजूक! आवाज म्हणून खपायचा नाही. शेजारीण कांडायला बसली की याच्या कपाळाला आठ्या. घरात लेकीने तोंड उघडलं की म्हणायचा, "अगं बये, जिभेला जरा विसावा दे की!"

लेक मात्र बापाला पुरून उरलेली. नदीकाठी हिंडून ओटीभर गोटे वेचून आणायची आणि ओट्यावर मांडून बापाशी वाद घालायची. "आबा, ह्यातला देखणा कोणता? नीट बघून सांगा!" गोटे ओले असले की त्यांचे रंग कसे खुलून दिसायचे. वाळले की सगळे एकजात मळकट. मग पोर हिरमुसायची.

यथावकाश तिचं लग्न झालं, ती सासरी गेली आणि घर शांत झालं. गाडीवानाला हवी होती तशी शांतता मिळाली, अन् तीच त्याला खायला उठली! भाकरी गोड लागेना. पण कबूल करील तर शपथ. नुसता गोट्यांच्या ढिगाकडे बघत बसायचा.

एक दिवस त्याच्या मनाने घेतलं, 'दिवाळीला लेक माहेरी येईल. तोवर हे गोटे असे चकचकीत करतो, की वाळले तरी ओल्यासारखे दिसले पाहिजेत.'

आता असलं काम बापजन्मात कधी केलेलं नाही. म्हणून तो सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराकडे गेला. शिकलगार म्हणाला, "नदी काय करते? गोट्यावर गोटा घासते. तूही तेच कर. पिंपात गोटे, पाणी आणि ही धार लावायची जाडी पूड घाल अन् फिरवत राहा. कडा झिजल्या की सगळं स्वच्छ धू, मग बारीक पूड घाल. शेवटी वस्त्रगाळ. मात्र उतावळेपणा नको."

फिरवत कोण बसणार? गाडीवानाने डोकं लढवलं. गाडीच्या चाकाच्या मधोमध, बाहेरच्या बाजूने, एक छोटंसं लाकडी पिंप पक्कं बसवलं. चाक फिरलं की पिंपही फिरणार.

गाडी निघाली मात्र, खडखड खडखड! कुत्री मागे लागली. पारावरची मंडळी ओरडली, "काय गाडीवानदादा, गोट्यांची वरात कुठं निघाली?" गाडीवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात ते कान! घरी येऊन त्याने ढिगातले उरलेले गोटेही पिंपात ठासून भरले. दुसऱ्या दिवशी आवाज एकदम बंद. 'वा! खडखडही गेली आणि सगळे गोटे एकदमच होतील,' म्हणून स्वारी खूश.

दसऱ्याला त्याने हौसेने पिंप उघडलं. गोटे जसेच्या तसे! तेच कोपरे, तोच मळकटपणा. दिवाळी तोंडावर आलेली, आणि लेकीपुढे ठेवायचं काय?

बायकोने वाकून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "अहो, सूप काठोकाठ भरलं तर पाखडता येतं का? दाण्याला उडायला जागा लागते. हे बिचारे एकमेकांना बिलगून बसलेत. घासणार कधी?"

"पण मग खडखड होणार गं!"

"होऊ दे की! घर गप्प झाल्यापासून तुमचं जेवण अर्ध्यावर आलंय. मला दिसत नाही होय?"

गाडीवान उठला, जास्तीचे गोटे काढून टाकले, जाडी पूड नव्याने घातली आणि गाडी सरळ पारावरून नेली. लोक हसले. हसेनात का! हळूहळू त्याला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की गाडी थांबली तर चुकल्यासारखं वाटायचं. कडा झिजत गेल्या तसा पिंपातला आवाज मऊ होत गेला. मग गोटे धुऊन त्याने बारीक पूड घातली, शेवटी वस्त्रगाळही.

दिवाळीला लेक आली. ताटात ओंजळभर गोटे होते. कोरडे ठणठणीत, तरी नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. पोरीचे डोळे भरून आले. मग तिने एकेक गोटा उलटून पाहिला आणि एकदम कडाडली, "आबा! माझा पांढरा गोटा कुठाय?"

"तो... झिजून गेला गं. पार पीठ झालं त्याचं."

"अहो, तो मऊ होता! कठीण गोट्यांत त्याला कशाला घातलात? मला विचारायचं तरी!"

आवाज पार शेजारी गेला. आई दारात थबकली. आता आबा कानांवर हात ठेवणार, असंच तिला वाटलं.

गाडीवानाने पाट पुढे ओढला, मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "मऊ होता तर तसं सांगून जायचं होतंस सासरी! चूक तुझी!"

"माझी?"

झालं! बाप-लेकीची अशी जुंपली, की फराळाचं ताट तसंच राहिलं. आणि कितीतरी दिवसांनी गाडीवान पोट धरधरून हसला.

तात्पर्य: माणसं असोत की गोटे, एकत्र आले की खडखड व्हायचीच. ती बंद करायला जाल, तर चकाकीही हातची जाईल.